पुढचं पुस्तक कुठून येतं?

मी चेन्नईहून बोलते आहे. तुमच्यापैकी कुणी पुण्यात बसून ऐकत असेल, कुणी बेळगावात, कुणी इंदूर, बडोदा, हैदराबादेत. आजचा प्रश्न मात्र आपल्या सगळ्यांचा आहे. हातातलं पुस्तक संपलं, आता पुढचं कोणतं?

एक संपलं की दुसरं घ्यायचं, त्यात विचार कसला करायचा, असं तुम्ही म्हणाल. म्हणून आधी थोडा हिशेब करू. माझं वय ५२. नोकरी आणि घर सांभाळून माझी महिन्याला दोन पुस्तकं वाचून होतात. म्हणजे वर्षाला २४. पंचाहत्तरीपर्यंत डोळ्यांनी साथ दिली असं धरलं, तर माझ्या हातात राहिली २३ वर्षं. २३ गुणिले २४, म्हणजे ५५२ पुस्तकं. बस, एवढीच. दोन कपाटांत मावतील. त्यातली शंभराच्या वर तर आत्ताच घरात न वाचलेली पडून आहेत.

हा हिशेब तुम्हीही करून बघा. घाबरवायला सांगत नाही. आकडा समोर आला की 'पुढचं कोणतं' हा प्रश्न जरा वेगळा दिसायला लागतो. माझ्यासाठी त्यात आणखी एक पोटप्रश्न आहे. या ५५२ पैकी मराठी किती असतील?

मी मूळची सोलापूरची. लग्नानंतर चेन्नईला आले, त्याला आता २६ वर्षं झाली. सोलापुरात पुस्तक शोधायला लागायचं नाही. ते आपणहून समोर यायचं. वाचनालयाच्या टेबलावर कुणीतरी परत केलेलं, शेजारच्या काकूंनी 'हे वाच गं' म्हणून दिलेलं, एसटी स्टँडच्या स्टॉलवर लटकवलेलं, दिवाळी अंकातल्या परीक्षणातून कळलेलं, शाळेत बक्षीस मिळालेलं. आपण निवड करतो असं वाटायचं, पण निम्मी निवड आजूबाजूचं गावच करत असे.

चेन्नईत पुस्तकांचा दुष्काळ आहे असं अजिबात समजू नका. हे वाचणाऱ्यांचं शहर आहे. अण्णा सालैवर हिगिनबॉथम्स हे दुकान आहे, त्याची सुरुवात १८४४ ची. १९७७ पासून इथे पुस्तक जत्रा भरते. पोंगलच्या सुमारास लोक नातेवाइकांसह तिकडे जातात आणि पिशव्या भरून परततात. कोट्टूरपुरमला २०१० साली उघडलेलं अण्णा शताब्दी ग्रंथालय आहे, नऊ मजली. मैलापुरात लझ कॉर्नरच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं मिळतात. पण या सगळ्या ठिकाणी समोर येतं ते तमिळ, नाहीतर इंग्रजी. ते साहजिकही आहे.

मग मराठी इथे नाहीच का? गंमत अशी की आहे. एग्मोरला कॉनेमारा सार्वजनिक ग्रंथालय आहे, १८९६ साली उघडलेलं. १९५४ च्या केंद्रीय कायद्यानुसार भारतात कुठल्याही भाषेत प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत प्रकाशकाने देशातल्या चार ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायची असते. कोलकाता, मुंबई, दिल्ली आणि चौथं हे, चेन्नईचं. म्हणजे कोल्हापूरच्या किंवा नागपूरच्या प्रकाशकाने काढलेल्या पुस्तकाची एक प्रत कायद्याने माझ्या शहराच्या पत्त्यावर निघते. पण तिथे जाऊन पुस्तक मागायचं तर नाव आपल्याला माहीत हवं. काकू तिथे नाहीत. 'हे वाच गं' असं म्हणणारं कुणी नाही.

आता तुम्ही म्हणाल, मोबाइल आहे की. तोच सुचवतो. सुचवतो खरा. पण तो माझी मागची खरेदी बघून तिच्यासारखंच काहीतरी पुढे करतो. मी इंग्रजी चरित्र घेतलं की आणखी चार इंग्रजी चरित्रं. त्या गणितात मराठीचा वाटा माझ्या मागच्या वाट्याएवढाच, आणि मी ढिलाई केली की तो दर वर्षी थोडा कमी. मराठी वाचू नका असं मला कुणीही सांगणार नाही. नुसतं समोर येणार नाही, एवढ्यानेच ५५२ मधला मराठीचा आकडा शून्याकडे सरकेल. महाराष्ट्राबाहेरच्या कित्येक घरांत हे असंच झालंय. पुस्तकं विकली नाहीत, टाकली नाहीत. फक्त पुढचं आलं नाही.

म्हणून मी शोधायला लागले की पुढचं पुस्तक आणायचं कसं. आणि याचं उत्तर याच शहरातल्या एका माणसाने शंभरेक वर्षांपूर्वी शोधायला सुरुवात केली होती, हे मला फार आवडतं.

शियाली रामामृत रंगनाथन. जन्म १८९२. हे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाने त्यांना ग्रंथपाल नेमलं. सुरुवातीच्या दिवसांत ते इतके कंटाळले की परत वर्गावर पाठवा म्हणू लागले. मग विद्यापीठाने त्यांना शिक्षणासाठी लंडनला धाडलं. तिथे त्यांनी अनेक ग्रंथालयं पाहिली, आणि परतले ते या कामाचं वेड घेऊनच. मद्रासला त्यांनी वाचकांना थेट कपाटांपर्यंत जाऊ दिलं. १९३१ साली त्यांचं ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांवरचं पुस्तक मद्रास ग्रंथालय संघाने प्रसिद्ध केलं. आज जगभर ग्रंथपाल होणाऱ्या मुलामुलींना ते नियम शिकवतात.

ते पाच नियम माझ्या भाषेत सांगते. पुस्तकं वापरण्यासाठी असतात, नुसती जपण्यासाठी नसतात. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. वाचकाचा वेळ वाया जाऊ देऊ नये. आणि ग्रंथालय ही वाढत जाणारी, सजीव गोष्ट आहे.

हे नियम त्यांनी ग्रंथपालांसाठी लिहिले. पण जिथे काकू नाहीत तिथे आपला ग्रंथपाल आपल्यालाच व्हावं लागतं. म्हणून मी ते माझ्या घरातल्या दोन कपाटांना लावून पाहिले. त्यातून माझ्या काही सवयी तयार झाल्या. त्या सांगते.

पहिली सवय. पुढचं पुस्तक यादीतून घ्यायचं नाही, हातातल्या पुस्तकातून घ्यायचं. म्हणजे वाचताना जो प्रश्न पडतो तो लिहून ठेवायचा, आणि पुढचं पुस्तक त्या प्रश्नाच्या मागे जाऊन आणायचं.

एक साखळी सांगते, म्हणजे कळेल. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. १९५५ ची कादंबरी. माणदेशातली धनगरांची वस्ती आणि तिथे आलेला तरुण मास्तर. मी ती काही वर्षांपूर्वी पुन्हा वाचली तेव्हा एक प्रश्न वहीत लिहिला : हे औंध संस्थान नेमकं होतं कसं? एवढासा मुलूख आणि धनगरवाडीत शाळा?

मग औंधबद्दल वाचायला लागले. राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी, स्वतः चित्रकार, सूर्यनमस्काराचे प्रचारक. १९३९ साली त्यांनी संस्थानाचा कारभार राज्यघटना करून प्रजेच्या हाती दिला. गांधीजींचा त्यात सल्ला होता. त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची मुक्त वसाहत सुरू झाली. भिंती नसलेला तुरुंग. त्यावरूनच पुढे 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट निघाला, १९५७ साली. आणि त्याची कथा लिहिली ग. दि. माडगूळकरांनी, म्हणजे व्यंकटेश माडगूळकरांच्या थोरल्या भावाने. म्हणजे कादंबरीतून निघालेला प्रश्न मला त्याच घरात परत घेऊन आला.

पण साखळी तिथे थांबली नाही. औंधच्या या प्रयोगात एक पोलिश इंजिनीअर होता, मॉरिस फ्रीडमन. हा माणूस माणदेशात आला कुठून? दुसरा प्रश्न वहीत गेला. त्याचं उत्तर शोधताना मी पोचले तिरुवण्णामलैला, रमण महर्षींच्या आश्रमात. माझ्या घरापासून गाडीने चारेक तास. फ्रीडमन तिथे जात असत. आणि याच फ्रीडमननी म्हातारपणी मुंबईत एका विडीवाल्याच्या घरी बसून त्यांची मराठीतली संभाषणं इंग्रजीत आणली. ते विडीवाले म्हणजे निसर्गदत्त महाराज. ते पुस्तक १९७३ साली आलं आणि जगभर वाचलं गेलं. मूळ बोलणं मराठीतलं!

बघा, एका धनगरवाडीपासून निघाले, राज्यकारभार, तुरुंग, सिनेमा, तमिळ मुलूख असं फिरून पुन्हा मराठीत आले. यातलं एकही पुस्तक मला कुठल्या 'वाचलीच पाहिजेत अशी शंभर पुस्तकं' या यादीने एकमेकांशेजारी ठेवून दाखवलं नसतं. याद्या वाईट नसतात. पण यादीतलं पुस्तक आपण आदराने उचलतो आणि आदरानेच खाली ठेवतो. प्रश्न घेऊन उचललेल्या पुस्तकाची पानं आपण स्वतःच्या गरजेने उलटतो. रंगनाथन म्हणतात ते 'वाचकाचं त्याचं पुस्तक' मला तरी असं सापडतं.

आणि कॉनेमारासारख्या ठिकाणी हीच वही उपयोगी पडते. तिथे जाऊन 'काहीतरी चांगलं मराठी द्या' असं म्हणता येत नाही. पण वहीत नाव असलं, लेखक असला, विषय असला, की मागता येतं. सोलापूरहून येणाऱ्या भाच्याला सांगता येतं. प्रकाशकाला फोन करून टपालाने मागवता येतं. दूर राहणाऱ्याला पुस्तक यायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून हातातलं संपायच्या आत पुढचं ठरलेलं हवं. नाहीतर मधल्या पोकळीत मोबाइल येऊन बसतो.

दुसरी सवय, पुस्तक सोडण्याची. वाचकाचा वेळ वाया जाऊ देऊ नये, हा नियम मी इथे लावते. अमेरिकेत नॅन्सी पर्ल नावाच्या ग्रंथपाल आहेत. त्या सांगतात : पन्नास पानं वाचा, नाही रमलात तर सोडा. आणि वय पन्नासच्या पुढे गेलं असेल तर शंभरातून वय वजा करा, तेवढी पानं वाचा. म्हणजे मला ४८. जसजसं वय वाढेल तसतशी पुस्तकाला द्यायची सवलत कमी! हा नियम ऐकला की आपल्याकडे लोक जरा दचकतात. ताटात वाढलेलं टाकायचं नाही हे आपल्या अंगात मुरलेलं असतं. पण ५५२ चा आकडा आठवा. न रमणारं एक पुस्तक रेटायला दीड महिना लागला, तर तीन पुस्तकांची जागा गेली.

मात्र सोडताना मी वहीत दोनपैकी एक शब्द लिहिते. 'नको' किंवा 'नंतर'. हा फरक फार महत्त्वाचा आहे. काही पुस्तकं वाईट नसतात, त्यांची वेळ आलेली नसते. विशीत ज्या आत्मचरित्रात रमत नाही, तेच आई गेल्यानंतर एका बैठकीत वाचून होतं. माझं तसं झालंय. वाचक बदलतो. म्हणून 'नंतर'वाली पुस्तकं घरात राहतात आणि 'नको'वाली बाहेर जातात. ती कुणाकडे जातात? तिसरा नियम आठवा, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. इथल्या चार-पाच मराठी घरांत आमची अशी देवाणघेवाण चालते. मला न रमलेली ऐतिहासिक कादंबरी आमच्या ओळखीच्या एका आजोबांनी तीनदा वाचली.

आता मी जरा अवघड भागाकडे येते. आतापर्यंत माझ्यापुरतं बोलले. पण घरात मुलं असतात. त्यांचं पुढचं पुस्तक?

माझी मुलगी इथेच जन्मली, इथेच शिकली. तमिळ ती माझ्यापेक्षा दसपट चांगलं वाचते. इंग्रजी तर वाचतेच. मराठी घरात छान बोलते, पण वाचताना अडखळायची. देवनागरी मीच घरी शिकवली. मी तिच्यापुढे मला लहानपणी आवडलेली पुस्तकं ठेवत असे, ती मान ठेवून चार पानं वाचत असे, आणि पुस्तक उशीखाली जात असे. ती माझी पुस्तकं होती. तिची नव्हती.

वाट सापडली ती कुरळमुळे. तिरुक्कुरळ म्हणजे तिरुवळ्ळुवरांचा १३३० द्विपदींचा ग्रंथ. तमिळनाडूत शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलाला त्यातलं काही ना काही पाठ असतं, बसमध्येसुद्धा ते लिहिलेलं असतं. आणि या कुरळचा मराठी अनुवाद केलाय साने गुरुजींनी! १९३० च्या सत्याग्रहानंतर गुरुजींना काही काळ तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात ठेवलं होतं. तिथे दक्षिणेतल्या भाषांशी त्यांचा जवळून संबंध आला. पुढे त्यांनी आंतरभारतीचं स्वप्न पाहिलं, भारतातल्या भाषांनी एकमेकींना ओळखावं म्हणून. त्याची एक मुळी या तमिळ तुरुंगात आहे.

त्या अनुवादाची जुनी प्रत मी मिळवली आणि मुलीपुढे ठेवली. तिला अर्थ आधीच माहीत होता, त्यामुळे मराठी अक्षरांची भीती गेली. 'आई, हे इथे नीट उतरलंय, हे मात्र तमिळमध्ये वेगळंच आहे,' असं ती सांगायला लागली. मराठी पुस्तकाबद्दल पहिल्यांदा तिच्याकडे सांगण्यासारखं काही होतं, आणि मला ते माहीत नव्हतं. त्या दिवशी ती शिकवणारी झाली. त्यानंतर तिने स्वतःहून विचारलं, अशी आणखी आहेत का? मंडळी, 'पुढचं कोणतं' हा प्रश्न मुलाच्या तोंडून येणं, यासाठी आपण सगळं करत असतो.

बाहेरच्या राज्यांत राहणाऱ्या आईबाबांना मी हेच सांगेन. मुलांना त्यांच्या राहत्या भाषेच्या दारातून मराठीत येऊ द्या. बंगळुरूत असाल तर कन्नडमधून मराठीत आलेलं काहीतरी शोधा, अहमदाबादेत असाल तर गुजरातीतून. मुलाला जे आधीच ठाऊक आहे, त्याचा हात धरून ते आत येतं.

आणि तमिळ मुलखात बसून मराठी वाचणं हे काही आपलं नवं खूळ नाही. तंजावरला जा, सरस्वती महाल ग्रंथालय पाहा. तिथे तीन हजारांच्या वर मराठी हस्तलिखितं आहेत. दुसरे सरफोजी राजे, १७९८ ते १८३२ हा त्यांचा काळ. त्यांनी युरोपीय भाषांतली हजारो पुस्तकं जमवली, आणि त्यातल्या कितीतरी पुस्तकांवर त्यांची सही आहे. वैद्यकापासून संगीतापर्यंत सगळं. भोवतीची भाषा तमिळ, घरची मराठी, पुस्तकं संस्कृत, तमिळ, इंग्रजी, फ्रेंच अशी. एक भाषा आली म्हणून दुसरी हाकलायची, असं त्या कपाटांत दिसत नाही.

म्हणून माझी तिसरी सवय. माझ्या रांगेत नेहमी तीन पुस्तकं असतात, जास्त नाहीत. एक, आधीच्या पुस्तकाच्या प्रश्नातून आलेलं. दुसरं, या शहरातलं, म्हणजे तमिळ लेखकाचं अनुवादातून किंवा चेन्नईविषयीचं. तिसरं, दुसऱ्या कुणीतरी हातात दिलेलं, मग ते माझ्या आवडीचं नसलं तरी चालेल, कारण स्वतःच्याच प्रश्नांमागे फिरत राहिलं की माणूस गोल फिरतो. आणि या तिघांतलं एक मराठी असलंच पाहिजे. हा एकच कडक नियम. त्या हिशेबाने ५५२ पैकी १८४ तरी मराठी होतील. शून्य आणि १८४ यांच्यातलं अंतर एका छोट्या नियमाने पडतं.

वहीबद्दल विचाराल तर ती साधी शंभरपानी आहे. एका ओळीत पुस्तकाचं नाव, ते कुठून कळलं, आणि वाचताना पडलेला प्रश्न. संपल्यावर चार ओळी परीक्षण वगैरे मी लिहीत नाही. ते काम वाटायला लागतं आणि मग वहीच बंद पडते. प्रश्न लिहिला की पुरतं.

जाता जाता तुम्हाला एक काम देते. सध्या तुम्ही जे पुस्तक वाचताय, ते आज रात्री उघडा आणि त्यातून पडलेला एक प्रश्न कागदावर लिहा. कितीही साधा चालेल. हे गाव कुठे आहे? ही बाई पुढे काय झाली? हा कायदा अजून आहे का? मग त्या प्रश्नाचं उत्तर ज्या मराठी पुस्तकात असेल असं वाटतं, ते शोधायला लागा. वाचनालयात विचारा, मित्राला विचारा, घरातल्या मोठ्यांना फोन करा. बऱ्याचदा त्या फोनवरच पुस्तकाचं नाव कळतं, आणि पलीकडच्या माणसालाही बरं वाटतं की कुणीतरी आपल्याला हे विचारलं.

माझ्या वहीतला सध्याचा प्रश्न सांगून थांबते. रंगनाथनांच्या काळात, १९३१ साली, तंजावर भागातल्या मन्नारगुडीजवळ बैलगाडीतून खेड्यापाड्यांत पुस्तकं फिरवत असत. आपल्याकडे असा प्रयोग कुणी, कुठे, केव्हा केला? त्यावर मराठीत काय लिहिलं गेलंय? तुमच्यापैकी कुणाला पुस्तक ठाऊक असेल तर जरूर कळवा. माझ्या रांगेतली तिसरी जागा रिकामीच आहे.